पोत्यासकट वजन

२६ ऑगस्ट, सोमवार

डॉक्टरांनी मला साखर निघाली म्हणून सांगितलं आणि वजन उतरवायला सांगितलं. आळशी आहे असं तोंडानं म्हणाले नाहीत, पण त्यांच्या भुवया म्हणाल्या.

मग त्यांनी मला सिडसेलच्या हवाली केलं. सिडसेल आमच्या आरोग्य केंद्रातली नर्स. शाळेत मी तिला स्वयंपाक शिकवला; अंड्याचा बलक वेगळा काढताना फुटला की रडायची. आता तीच पोरगी मला काय खायचं ते सांगते आणि मी मान डोलावते. तिनं माझ्या फोनमध्ये 'सोबती' नावाचं ॲप घालून दिलं, सोबत एक वजनकाटा आणि बोट टोचून साखर मोजायचं यंत्र.

"सकाळी उठलं की काट्यावर उभं राहायचं आणि बोट टोचायचं. आकडे आपोआप फोनवर जातात. दर सोमवारी मी बघणार," ती म्हणाली.

"म्हणजे तू माझ्या न्हाणीघरात डोकावणार."

"आकड्यांपुरतीच. आणि गुनहिल्ड, ऑक्टोबरपर्यंत आकडे खाली आले नाहीत, तर डॉक्टर तुम्हाला तीन आठवड्यांच्या शिबिराला पाठवतील. तिकडे नदीकाठी. छान असतं."

घरी येऊन सोबतीच्या प्रश्नांची उत्तरं दिली. वय, उंची, रोज काय खाता. 'हा काटा घरात आणखी कुणी वापरणार आहे का?' मी 'नाही' दाबलं. माझ्या नवऱ्यानं, आस्मुसनं, जन्मभर दुधाचा टँकर चालवला. काट्यावर उभा राहिला तो गाडीसकटच.

"काय म्हणतो तुझा सोबती?" त्यानं विचारलं.

"रोज चालायला जा म्हणतो."

"वाईट नाही."

डेन्मार्कातल्या आम्हा दक्षिण युटलंडच्या माणसांचं सगळं या दोन शब्दांत बसतं. मुलीचं लग्न वाईट नाही, तिचा घटस्फोटही वाईट नाही. आस्मुसनं मला मागणी घातली तीही अशीच. "आपण दोघं... वाईट नाही," एवढं म्हणून त्यानं टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. मला मेलीला तेवढं पुरलं.

३० ऑगस्ट, शुक्रवार

वजन वाढलं. सोबतीत एक पांढरा करकोचा आहे. आपण चांगलं वागलो की पंख फडफडवतो, नाहीतर मान खाली घालतो. आज त्यानं मान इतकी खाली घातली की मला वाटलं मेलाच.

वाढणार नाही तर काय! गावच्या सभागृहाला यंदा सव्वाशे वर्षं होतात आणि बारा ऑक्टोबरला कॉफीची पंगत आहे. सात मऊ केक, सात कुरकुरीत. जर्मनांच्या अमलात आमच्या पणज्यांना सभागृहात दारू मिळू देत नव्हते, म्हणून त्यांनी कॉफी आणि केकवर देशप्रेम भागवलं. तेव्हापासून पानात येईल तो प्रत्येक प्रकार चाखायचा, एकही टाळला तर करणारीचा अपमान. आणि बावीस वर्षं करणारी मी आहे. चाखून बघितल्याशिवाय कसं करू?

गावातली विबेके दाराशी येऊन गेली. गेली कितीतरी वर्षं ती माझ्या हातातल्या डावावर डोळा ठेवून आहे. "दमलेली दिसतेस गं. यंदा जबाबदारी माझ्याकडे दे हवं तर." मला साखर आहे हे हिच्या कानावर गेलं, तर संध्याकाळपर्यंत ती माझा ॲप्रन घालून फिरेल. आणि शिबिराला गेले तर न मागताच मिळेल.

४ सप्टेंबर, बुधवार

बोट टोचणं मला जमत नाही. दोनदा टोचलं, दोन्ही वेळा डोळ्यांपुढे अंधारी आली. दुसऱ्या वेळी टॉवेलच्या दांडीला लटकले, ती भिंतीतून निघून आली.

आस्मुस हातोडा घेऊन आला. "एवढंच ना? हे घे," म्हणाला आणि आपलं बोट पुढं केलं. याच्या अंगाला साखर नाही, चरबी नाही. खातो घोड्यासारखा आणि दिसतो काठीसारखा. त्याच्या एका थेंबानं माझा महिनाभराचा प्रश्न सुटणार होता. फसवणूक नव्हे, एका घरात, एका भांड्यातलं जेवतो, तर रक्तात फरक तो केवढा असणार?

थेंब यंत्राला दिला. आकडा लालभडक. माझ्या स्वतःच्या आकड्यापेक्षा वर.

आधी मी यंत्राला शिव्या दिल्या. मग लक्षात आलं. काल मी चेरीचा केक खाल्ला आणि सोबतीत प्रामाणिकपणे लिहिला होता. त्यानं तो हिशेबात धरला. हा करकोचा दिसतो तसा भोळा नाही. बोट कुणाचंही द्या, साखर तो माझीच दाखवतो.

९ सप्टेंबर, सोमवार

आता वजनाचाही बंदोबस्त केला. पंगतीसाठी मागवलेली मैद्याची पोती कोठीत आहेत. त्यातलं एक आस्मुसनं लेकरासारखं कडेवर घेतलं आणि काट्यावर उभा राहिला. पहिल्याच फटक्यात माझं वजन! अर्धा किलोसुद्धा इकडेतिकडे नाही. एवढी वर्षं संसार केला, पण आमच्या दोघांत बरोबर एका मैद्याच्या पोत्याचं अंतर आहे हे आजच कळलं.

"रोज धरायचं का हे?" त्यानं विचारलं.

"पंगत होईपर्यंत."

"वाईट नाही."

सोबतीत मी आता फक्त कोबी लिहिते.

१७ सप्टेंबर, मंगळवार

वजन उतरतंय! पोतं तेच, काटा तोच, आणि करकोचा रोज पंख फडफडवतो. कोबीचा गुण. मी प्रत्यक्षात कोबी खात नाही हे खरं, पण खाण्याचा विचार सतत मनात असतो. मनाचा शरीरावर परिणाम होतो असं सोबतीच नेहमी सांगतो.

निळा स्कर्ट मात्र कमरेत बसेना. नव्या धुलाई यंत्रात कपडे आटतात, दुकानदाराला सांगायला हवं.

साखर अजून लालच. सिडसेलला कळवलं की यंत्रात बिघाड आहे. तिनं नवं पाठवलं. तेही बिघडलेलं निघालं.

२५ सप्टेंबर, बुधवार

आस्मुसच्या वागण्यानं डोकं फिरायची वेळ आलीय. सारखा पाण्याचा जग भरतो. रात्री इतक्यांदा उठतो की मी शेवटी त्याला बाहेरच्या खोलीत झोपायला सांगितलं. वर्तमानपत्र वाचत नाही, अक्षरं पुसट छापतात म्हणे. छापखान्याला पत्र लिहायचं म्हणतो, पण लिहीत नाही. दुपारभर खुर्चीत बसून डुलक्या काढतो. निवृत्त पुरुष म्हणजे घरातलं एक वाढीव कपाट.

पट्ट्याला त्यानं खिळ्यानं नवं भोक पाडलं. मी इकडे कोबी लिहून लिहून झिजतेय आणि हा केक खाऊन बारीक होतो. देवानं पुरुषांना काय म्हणून एवढं झुकतं माप दिलं?

आज सोबतीनं मला रुपेरी पदक दिलं. त्यालाही दाखवलं.

"शाबास," तो म्हणाला. हा शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. दिवसभर मनात घोळत राहिला.

२ ऑक्टोबर, बुधवार

आज पोतं उचलताना त्याचे हात थरथरले आणि थोडा मैदा न्हाणीघरात सांडला.

"नीट धर की," मी म्हटलं.

"धरतो."

तोंडाला वासही येत होता, पिकून गेलेल्या सफरचंदांचा. कोठीतल्या मुरंब्याच्या बरण्या मोजल्या. सगळ्या आहेत. मग कुठे खातो कोण जाणे. पंगतीच्या मुरंब्यावर हात मारलास तर बघ, असा दम देऊन ठेवला.

८ ऑक्टोबर, मंगळवार

सिडसेलचा फोन आला. मी राय धान्याच्या ब्रेडचा केक थरावर थर लावत होते, फोन खांद्यात धरून बोलले.

"गुनहिल्ड, वजन फार झपाट्यानं उतरतंय आणि साखर मात्र चढतेय. मला हे आवडत नाही. खूप तहान लागते का?"

"मला? छे."

"रात्री सारखं उठावं लागतं?"

"अगं, मी ओंडक्यासारखी झोपते."

"नजर धूसर होते? थकवा येतो?"

"सिडसेल, मी सकाळपासून उभी आहे आणि पाच केक झालेत. माझ्या पायांत फक्त हा आस्मुस येतो, पाण्याचा जग भरायला. जरा बाजूला हो रे!"

एकाही प्रश्नाला मी खोटं उत्तर दिलं नाही, याची मुद्दाम नोंद करते. तिचं मात्र समाधान होईना. उद्याच्या उद्या तपासायला या म्हणाली. मी पंगतीनंतर येईन म्हटलं. "नंतर नाही, उद्या," ती म्हणाली. मी म्हटलं, ओव्हन शिट्टी वाजवतोय, आणि फोन ठेवला. आमच्या ओव्हनला शिट्टी नाही.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

आज यंत्रानं आकडा दाखवलाच नाही, नुसतं 'मोजण्यापलीकडे' असं आलं. सोबती तर किंचाळायलाच लागला, ताबडतोब डॉक्टरांकडे जा म्हणून. मी त्याचा आवाज बंद केला. चौदा प्रकार, दोनशे पाहुणे, आणि याला आजच मुहूर्त सापडला.

आस्मुस दोन घास खाऊन ओकला. उद्या येऊ नकोस, पड घरीच, असं मी त्याला म्हटलं. म्हणजे म्हणणार होते. पण त्यानंच आधी विचारलं, "माझा काळा कोट कुठाय?" बावीस वर्षांत त्यानं माझी एकही पंगत चुकवलेली नाही. मी कोटाला इस्त्री करून दिली.

१३ ऑक्टोबर, रविवार. हॉस्पिटल

लिहिल्याशिवाय बसवत नाही, म्हणून लिहिते.

काल सगळं झकास सुरू झालं होतं. लांब टेबलं, पांढरे कपडे, मेणबत्त्या. गाणं झालं, वेलदोड्याचे बन गेले, मऊ केक निघाले. मी सभागृहाच्या मागच्या स्वयंपाकघरात क्रीम फेटत होते. वाढायच्या खिडकीतून बाहेरचं सगळं दिसतं. आस्मुस पहिल्याच टेबलाशी होता. बाकीचे पुरुष पाचव्या केकला दमतात, हा एकेक घास मोजून मापून तोंडात घालत होता. दोन घासांच्या मध्ये काट्याचा चमचा खाली ठेवायचा, डोळे मिटायचा, परत उचलायचा. मध्येच जग तोंडाला लावायचा. माझ्या मनात आलं, बाई, किती चवीनं खातोय.

मागच्या दारानं सिडसेल आली. अंगात फुलाफुलांचा झगा आणि हातात कामाची पिशवी.

"बोट द्या."

"अगं, इथे? क्रीम फाटेल."

"फाटू दे. बोट."

तिनं टोचलं. मी एका मैद्याच्या पोत्यावर बसकण मारली. तिनं आकडा बघितला, मला बघितलं, पुन्हा आकडा बघितला.

"हा पिवळा आहे. चांगला नाही, पण पिवळा. कालचा मोजण्यापलीकडचा होता. एका रात्रीत साखर अशी उतरत नाही, गुनहिल्ड. हे रक्त तुमचं आहे. कालचं कुणाचं होतं?"

मी थाप मारणार होते. तोंड उघडलंही होतं. पण खिडकीतून आस्मुस दिसला. म्हणजे त्याचा काळा कोट दिसला, मी इस्त्री केलेला, आणि त्या कोटात आस्मुस किती थोडा उरलाय ते दिसलं. कॉलर आणि मानेच्या मध्ये माझा हात गेला असता. इतके दिवस मी त्याला रोज सकाळी बघत होते आणि माझे डोळे काट्यावर होते.

"आस्मुसचं," मी म्हटलं.

"आणि वजन?"

"तेही त्याचंच. पोत्यासकट."

पोत्यासकट म्हणजे काय, हे विचारायला सिडसेल थांबली नाही. ती धावली. आम्ही पोचलो तेव्हा त्याच्यापुढे अकरावा प्रकार होता, माझी बदामाची बिस्किटं. तो धापा टाकत होता आणि तोंडाला तोच सफरचंदांचा वास. सिडसेलनं त्याच्या हातातला चमचा काढून घेतला.

"आस्मुस, कसं वाटतंय?"

"वाईट नाही," तो म्हणाला आणि टेबलावर कलंडला.

दोनशे माणसं उभी राहिली. रुग्णवाहिका येईपर्यंत मी जमिनीवर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले. माझ्या ॲप्रनचं क्रीम त्याच्या कानाला लागलं होतं, ते पुसत राहिले, कारण दुसरं काय करायचं ते कळत नव्हतं. विबेके आली आणि माझ्या दुसऱ्या हातात कधी आली कोण जाणे, ती कॉफीची किटली हलकेच सोडवून घेतली. "मी बघते गं पुढचं," म्हणाली. तिचे डोळे भरले होते. मी एवढी वर्षं तिच्याबद्दल काय काय लिहिलंय ते या वहीत मागं आहेच, ते खोडत नाही.

इथे डॉक्टर एक तरुण मुलगी आहे. तिनं विचारलं, तहान कधीपासून, वजन कधीपासून उतरतंय. मला फोन काढून द्यावा लागला. ती बोटानं वर सरकवत गेली. रोजची साखर. रोजचं वजन.

"इतकी नीट नोंद आम्हाला कुणीच आणून देत नाही," ती म्हणाली. "पण वर नाव गुनहिल्ड आहे?"

"मी गुनहिल्ड. आकडे याचे आहेत. वजनातून एक पोतं वजा करायचं."

तिनं ते लिहून घेतलं. हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. साखर हाडकुळ्या माणसालाही होते, या वयातही होते, एवढं ती मला समजावून सांगत होती, आणि अजून एक-दोन दिवस उशीर झाला असता तर काय झालं असतं तेही. तेवढ्यात तिच्याच हातात फोन थरथरला. करकोचा पंख फडफडवत होता. 'अभिनंदन, गुनहिल्ड! या महिन्यात सोबतीच्या सर्व सदस्यांत सर्वात जास्त वजन तू उतरवलंस. सुवर्णपदक!'

मी बाहेर जाऊन कोट टांगायच्या खोलीत रडले.

१६ ऑक्टोबर, बुधवार

आस्मुस शुद्धीवर आहे. नळ्या आहेत, पण रंग माणसाचा आलाय. डॉक्टरीण म्हणते, आता सुया रोज आणि जन्मभर, पण घरी येईल.

"तुला कळत नव्हतं का रे?" मी विचारलं. "इतकं पाणी पीत होतास."

"कळत होतं."

"मग बोलला का नाहीस?"

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तुझी पंगत होऊ दे म्हटलं. मग गेलो असतो."

मी त्याला मूर्ख म्हटलं, गाढव म्हटलं, आणखीही बरंच म्हटलं. शेजारच्या खाटेवरच्या माणसानं पडदा ओढून घेतला. मग मी त्याला सांगितलं की मला भीती वाटली होती, तो गेला असता तर मी त्या घरात राहू शकले नसते. आमच्याकडे असलं कुणी बोलत नाही. आस्मुस लाजून पांघरुणाशी चाळा करत राहिला.

"किती प्रकार राहिले माझे?" त्यानं विचारलं.

"तीन."

"विबेकेनं वाढले नीट?"

"वाईट नाही," मी म्हटलं.

९ नोव्हेंबर, शनिवार

आस्मुस घरी येऊन दोन आठवडे झाले. सुई स्वतः टोचतो, न बघता, रेडिओ ऐकत. मीही माझं बोट टोचते. डोळ्यांपुढे अंधारी येते, म्हणून बसून टोचते, आणि तो शेजारी उभा राहून टॉवेलची दांडी धरून ठेवतो. नदीकाठच्या शिबिराला मी जानेवारीत जाणार आहे. सिडसेल माझ्यावर चिडलेली आहे ती आहेच, पण परवा तिनं मला कोबी खरोखर कसा शिजवायचा ते कळवलं. स्वयंपाक शिकवणाऱ्या बाईला! मी उत्तरात आभार मानले.

आज सकाळी त्याला म्हटलं, काट्यावर चढ.

"पोतं?"

"घे तर! नाहीतर मागच्याशी ताळा कसा लागणार?"

त्यानं कोठीतून उरलेलं पोतं आणलं. हात थरथरले नाहीत. तो उभा राहिला आणि मी फोन बघत होते. करकोच्यानं मान खाली घातली. 'गुनहिल्ड, या वेळी वजन वाढलं आहे. निराश होऊ नकोस.'

मी आस्मुसला पोत्यासकट मिठी मारली. दोघंही पिठानं पांढरे झालो.

"आता तू," तो म्हणाला.

मी एकटी चढले. आकडा त्याच्या पोत्यासकट वजनापेक्षा बराच वर गेला; निळ्या स्कर्टवरून धुलाई यंत्रवाल्याशी भांडले होते, त्याला आता माफीचा फोन करावा लागणार. करकोचा या वेळी मान खाली घालायलाही विसरला. थोडा वेळ नुसता उभा राहिला, मग स्क्रीनवर जुनाच प्रश्न आला. 'हा काटा घरात आणखी कुणी वापरतं का?'

आस्मुसनं माझ्या खांद्यावरून वाकून तो मोठ्यानं वाचला. त्याला आता अक्षरं दिसतात.

मी 'हो' दाबलं. सोबतीनं पुढे नाव विचारलं, ते आस्मुसनं स्वतःच्या बोटानं लिहिलं.